दोन लाइनींचा एक दिवा

तारमास्तरांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला आणि दोन्ही हातांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "कुठली लाइन काढून टाकायची?"

"तुमची एक नंबरची, साहेब," पलीकडून लाइन कंपनीचा माणूस म्हणाला. "दोन महिने बंद पडलीय. आम्ही तीन मेल टाकल्या, उत्तर नाही. म्हटलं, नकोच असेल तर रीतसर बंद करून टाकू. उगाच आमच्या यादीत लाल दिसते."

"आमच्याकडे हिरवी दिसते."

"तुमच्याकडे काय दिसतं ते मी कसं सांगणार, साहेब?"

हे बोलणं रास्त होतं. तारमास्तरांनी समोरच्या भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे दिवा हिरवा होता, जसा तो गेले कित्येक महिने होता, आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरात 'चालू' असं लिहिलेलं होतं.

तारमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. रुग्णवाहिकेसाठी लोक जो तीन आकडी नंबर लावतात, तो ज्या इमारतीत वाजतो तिथलं सगळं जोडकाम त्यांच्याकडे होतं, म्हणून फोन घेणाऱ्या बायकांनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं. वय पंचेचाळीस, चालणं सावकाश, आणि खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी इमारतीतली सगळी मोठी यंत्रं काढली आणि कारभार क्लाउडवर गेला, तेव्हा साहेबांनी त्यांना विचारलं होतं की हे क्लाउड म्हणजे नेमकं आहे कुठे. दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेली खोली, असं तारमास्तरांनी उत्तर दिलं होतं, आणि ते साहेबांना पटलं होतं. फोन अजून याच इमारतीत यायचे. पण आलेला फोन कोणत्या ताईकडे द्यायचा, जवळची गाडी कोणती, ती कुठल्या रस्त्याने पाठवायची, हे सगळं त्या भाड्याच्या खोलीला विचारावं लागे. त्या खोलीपर्यंत जाणारा रस्ता चार लोकांच्या वर्दळीचा असून चालणार नव्हतं. म्हणून खास या कामापुरत्या दोन खासगी लाइनी घेतल्या होत्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकीवर कुणाची कुदळ पडली, तर दुसरी असावी.

आणि दिवा मात्र एकच होता. तोही साहेबांच्याच सांगण्यावरून. "मला दोन-दोन दिवे बघत बसायला वेळ नाही," ते म्हणाले होते. "चालू आहे की बंद, एवढंच सांगा." तारमास्तरांनी एका दुपारीत ते करून दिलं होतं. दोघींपैकी एक जरी लाइन ठीक असली, तरी दिवा हिरवा. शिवाय आपणच एखादी लाइन दुरुस्तीला काढली, तर तिला बंद धरायचं नाही, ठीकच धरायचं, म्हणजे महिन्याचा हिशेब बिघडत नाही. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्याच होत्या. त्या दोन शहाणपणांची गाठ पडली तर काय होईल, याचा विचार मात्र त्या दुपारी कुणी केला नव्हता, आणि नंतर करायला सवड मिळाली नाही.

तारमास्तरांनी दिव्यावर क्लिक केलं. खाली दोन ओळी उघडल्या. दुसरी हिरवी होती. पहिली राखाडी होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: दुरुस्तीसाठी बाजूला. चौसष्ट दिवस. बाजूला काढणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं.

त्यांना तो रविवार आठवला. आठवायला कष्ट पडले नाहीत, हेच वाईट. मुलीच्या तापाचा तिसरा दिवस होता आणि जेवणानंतर ती प्रथमच शांत झोपली होती. एक नंबरची लाइन त्या दिवशी लहरीत आली होती. जायची, यायची, पुन्हा जायची, आणि दर खेपेला तारमास्तरांचा फोन टणटण करायचा. दहाव्या की बाराव्या वेळी बायको दारात येऊन उभी राहिली. "तो फोन एक तर तुम्ही गप्प करा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "नाहीतर मी खिडकीतून टाकते." पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी लाइन बाजूला काढली. किती वेळ, असं यंत्राने विचारलं होतं. चार तास, एक दिवस, की सांगेपर्यंत. बोट 'सांगेपर्यंत'वर पडलं. सोमवारी गेल्या गेल्या बघू, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी तीन नव्या गाड्या आल्या, त्यांची जोडणी निघाली, आणि लाइन नजरेआड झाली ती झालीच. दिवा हिरवाच होता. हिरव्या दिव्याकडे कोण मान वर करून बघतो?

"साहेब? ऐकताय ना?" फोनवरचा माणूस म्हणाला.

"लाइन काढायची नाही. सुरू करा."

"आत्ता?"

"आत्ता."

पाऊण तास लागला. मधल्या कुठल्याशा खोलीत एक जोड धुळीने माखला होता. कुणीतरी तो काढला, पुसला आणि परत बसवला. "फुंकर मारण्याएवढं काम होतं, साहेब," तो माणूस हसत म्हणाला. पहिली ओळ हिरवी झाली. भिंतीवरच्या दिव्यात काहीच फरक पडला नाही.

इथे तारमास्तर हात झटकून उठले असते तरी चाललं असतं. दोन महिने एकाच लाइनीवर निभावलं, नशीब बलवत्तर, पुन्हा असं करायचं नाही, असं म्हणून त्यांनी चहा मागवला असता. पण हाताला सवय होती. त्यांनी दुसऱ्या ओळीचा मागचा आलेख सरकवत नेला, एक एक दिवस, आणि एका मंगळवारी ते थांबले. हिरव्या पट्टीत नखाएवढी लाल रेघ होती. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं ते अडीच. एकोणीस मिनिटं.

दुसऱ्या कंपनीची मेल त्यांना सापडली. आठवडाभर आधी आलेली, रीतसर, नम्र. मंगळवारी दुपारी आमचं काम आहे, लाइन थोडा वेळ बंद राहील, आपल्याकडे दुसरी लाइन असल्याने आपल्या सेवेवर काहीही परिणाम होणार नाही. खाली तारमास्तरांचं उत्तर होतं: हरकत नाही.

त्या एकोणीस मिनिटांत एक लाइन मेलेली होती आणि दुसरी झोपवलेली. आणि झोपवलेल्या लाइनीला यंत्र ठीक धरून चाललं होतं, कारण तारमास्तरांनीच त्याला तसं शिकवलं होतं. म्हणून दिवा हिरवा राहिला.

ती तारीख मात्र त्यांनी आधी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते त्यांना लगेच आठवलं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. तीन आठवड्यांपूर्वी आलेलं, हाताने लिहिलेलं, पण इतकं नेटकं की प्रत्येक ओळ उजव्या कडेला बरोबर एकाखाली एक संपत होती. लिहिणारे एक म्हातारे गृहस्थ होते, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे निवृत्त जुळारी. अमुक मंगळवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास पत्नीच्या छातीत दुखू लागलं म्हणून मी आपला नंबर लावला, तो लागला नाही. पत्नी वारल्या. तक्रार नाही. फक्त एवढंच कळावं की त्या वेळी आपली सेवा चालू होती किंवा कसे. म्हणजे चूक माझ्या हातून झाली का, याचा उलगडा होईल.

साहेबांनी ते पत्र तारमास्तरांकडे पाठवलं होतं, वर पेन्सिलीने 'तपासा' लिहून. तारमास्तरांनी तपासलं होतं. म्हणजे दिव्याचा त्या दिवसाचा हिशेब काढला होता. शंभर टक्के. उत्तराचा मजकूरही त्यांनीच लिहून दिला होता: सदर वेळी सेवा विनाखंड चालू होती.

त्यांना एकदम तहान लागली. पाणी पिऊन ते यंत्रांच्या खोलीत गेले. तिथे कोपऱ्यात जुनी पेटी होती, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फोनचा आकडा टिपणारी. पलीकडून उत्तर येवो न येवो, ती आपलं टिपत बसायची. पण पेटीची आठवण तीस दिवसांची होती. त्यापुढचं ती पुसून टाकायची, आणि त्या मंगळवाराला आज एकेचाळीस दिवस झाले होते. पत्र आलं त्या दिवशी वीस झाले होते. त्या दिवशी दिव्याऐवजी पेटी उघडली असती, तर त्या म्हाताऱ्यांचा नंबर तिथे ओळीने उभा दिसला असता. त्यांचा, आणि आणखी कुणाकुणाचा. आता तिथे काहीच नव्हतं.

फोनघरात चौदा बायका कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. त्यांच्यातल्या थोरल्या ताईंचं जेवण चाललं होतं. तारमास्तर त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, दीड महिन्यामागचा एक मंगळवार. दुपारी दोन ते अडीच. काही आठवतं?"

"मंगळवार ना? आठवतो की." ताईंनी घास गिळला. "एक फोन नाही आला बघा. आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. नऊ वर्षांत अशी दुपार नाही पाहिली. मी तर अख्खं संत्रं सोललं, शिरासुद्धा काढल्या. धाकटी म्हणाली, आज सगळं गाव बरं आहे वाटतं." त्या हसल्या. "का हो? काय झालं?"

"काही नाही," तारमास्तर म्हणाले.

"तुमचा चेहरा का उतरलाय? पोरीला बरं आहे ना?"

"बरं आहे."

ते वर साहेबांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. जे होतं ते सगळं सांगितलं, रविवारसकट, टणटण करणाऱ्या फोनसकट. बायकोचं दारात येऊन बोलणं तेवढं वगळलं. ते कधीच कुणाला सांगायचं नाही, तिला तर नाहीच, हे त्यांनी जिना चढताना ठरवून टाकलं होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ टेबलावरची काचेची गोळी फिरवत राहिले.

"आता दोन्ही चालू आहेत?"

"आहेत. दिवेही दोन केलेत."

"मग झालं तर."

"सर, ते पत्र चुकीचं गेलंय. ते गृहस्थ समजताहेत की त्यांनीच—"

"त्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. आपण नाही म्हटलं." साहेबांनी आवाज खाली आणला. "म्हणजे सुंठीवाचून खोकला गेलाय. तुम्ही आता कशाला घसा खरवडताय?"

तारमास्तरांचा हात खिशाकडे गेला.

"हे बघा, मला आनंद होतोय असं समजू नका. पण एक विचार करा. हा नंबर लोक का लावतात? कारण तो लागतो, असं त्यांना वाटतं. उद्या पेपरात आलं की एकोणीस मिनिटं इथे कुणी नव्हतं आणि आपल्याला पत्तासुद्धा नव्हता, तर परवा कुणाच्या तरी छातीत दुखेल आणि तो आधी विचार करत बसेल, लावू की नको. त्याचं काय करायचं? आणि ती बाई काही परत यायची नाही."

हे सगळं खरं होतं, आणि खरं असून ऐकवत नव्हतं. तारमास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. जे तोंडाने सांगितलं तेच त्यावर लिहिलेलं होतं, खाली सही होती. साहेबांनी तो वाचला नाही. त्यावर काचेची गोळी ठेवली.

"राहू दे माझ्याकडे," ते म्हणाले. "मुलगी कितवीत आहे तुमची?"

"तिसरीत."

"घरी जा आज लवकर."

तारमास्तर लवकर निघाले, पण घरी गेले नाहीत. पत्रावरचा पत्ता त्यांच्या ध्यानात होता.

जिना अरुंद होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला घंटी नव्हती. कडी वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दार उघडलं. म्हातारे गृहस्थ लहान चणीचे होते. इस्त्रीचा सदरा, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तारमास्तरांनी आपण कुठून आलो ते सांगितलं, तशी त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली.

"या, या. बसा. मला वाटलं नव्हतं कुणी येईल. एवढं मोठं खातं, पण तुम्ही पत्राला उत्तर दिलंत. नाहीतर कोण विचारतं हो?"

खोली दहा पावलांची होती आणि लख्ख होती. भिंतीला छापखान्यातली एक जुनी लाकडी पेटी टेकवलेली होती, शंभरेक बारीक कप्प्यांची. कप्प्यांत आता बटणं, सुया, औषधांच्या गोळ्या असं काहीबाही होतं. खिडकीपाशी बायकांच्या मापाच्या चपला जोडीने लावून ठेवल्या होत्या. आणि तिपाईवर बटणांचा जुना फोन होता. त्याच्यावर भिंतीला एक कागद डकवला होता. त्यावर तीन आकडे होते, वीतभर उंचीचे, काळ्या शाईत. तसाच कागद दाराच्या आतल्या बाजूला होता. तिसरा आरशावर.

म्हाताऱ्यांनी त्यांची नजर कुठे गेली ते पाहिलं.

"उशिराचं शहाणपण," ते म्हणाले. "आता कुणासाठी लावायचा, नाही का? पण रोज सकाळी रिसीव्हर न उचलता दहा वेळा दाबून बघतो. हाताला वळण लागलेलं बरं."

"आजोबा, मी तुम्हाला काही सांगायला आलोय."

"सांगा की. आधी पाणी घ्या."

पाणी आलं. तारमास्तरांनी पेला हातात धरला. जिन्यात त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विखुरली होती.

"तुमचा नंबर बरोबर लागला होता," ते म्हणाले. "त्या दिवशी. चूक तुमची नव्हती. आमची लाइन बंद होती. दोन्ही लाइनी बंद होत्या. आणि त्या बंद आहेत हे आम्हाला कळलं नाही ते माझ्यामुळे."

म्हातारे त्यांच्याकडे बघत राहिले. खाली कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तिची खडखड झाली.

"आमच्या चिरंजीवांनी पाठवलं का तुम्हाला?" म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं.

"नाही. मी त्यांना ओळखतही नाही."

"मागच्या आठवड्यात त्याने डॉक्टरांना पाठवलं होतं. ते म्हणाले, गाडी आली असती तरी उपयोग नव्हता. त्याआधी त्याचा एक मित्र येऊन गेला." म्हातारे हसले. त्यात राग नव्हता. "पहिल्या दिवशी तोच ओरडला होता माझ्यावर. बाबा, तुम्ही नंबर उलटा लावला असणार, म्हणाला. बोलून गेला बिचारा. आता रात्रंदिवस पस्तावतोय. माणसं पाठवतो."

"आजोबा, खरंच मला कुणी पाठवलेलं नाही. उलट येऊ नका असंच—" तारमास्तर थांबले. त्यांनी पिशवीतून कागद काढले. "हे बघा. हा त्या दिवसाचा हिशेब. ही पहिली लाइन, ही दुसरी. इथे बघा, दोन अकरा ते अडीच."

म्हाताऱ्यांनी कागद उजेडात नेला आणि भिंग लावलं. ते जन्मभर ज्या सावकाशीने कागद वाचत आले असतील, त्याच सावकाशीने त्यांनी तो वाचला. बोट ओळीखालून सरकत होतं. पहिली ओळ: दुरुस्तीसाठी बाजूला, ठीक. दुसरी ओळ. मग बोट अगदी तळाला गेलं आणि तिथे टेकलं.

"इथे तर 'एकूण: चालू' असं छापलंय."

"ते चुकीचं आहे. ते यंत्र तसं धरतं, कारण मी त्याला..."

"आणि हे?" त्यांनी मेलचा कागद वर घेतला. शब्दाशब्दाला थांबत त्यांनी तो मोठ्याने वाचला. "आपल्या सेवेवर काहीही परिणाम होणार नाही." त्यांनी भिंग खाली सोडलं. "अहो, सगळे कागद एकच सांगताहेत. तुमचं पत्रही तेच सांगतं. त्यावर तर शिक्का आहे."

"ते पत्र मीच लिहून दिलं होतं, आजोबा."

"मग बरोबरच लिहिलंत की."

तारमास्तरांनी पेला खाली ठेवला. त्यांच्या मनात आलं की या माणसाचे दोन्ही खांदे धरून हलवावेत. त्याऐवजी त्यांनी एक एक करून सगळं सांगितलं, दिवा एकच का होता इथपासून, मुलीच्या तापापर्यंत. म्हातारे मान हलवत ऐकत होते, पाहुण्याचा मान राखून. मुलीच्या तापाशी आल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी उमटली.

"आता कशी आहे मुलगी?"

"बरी आहे. आजोबा, तुम्ही किती वेळा लावला होता फोन?"

"चार वेळा."

"चारही वेळा चूक कशी होईल? माणूस एकदा चुकेल."

"तुम्ही छापखान्यात काम केलेलं नाही." म्हाताऱ्यांनी उजव्या हाताची बोटं पुढे धरली. टोकं शिशाने कायमची काळवंडलेली होती. "खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. चाळीस वर्षं मी जग उलटंच वाचलं. घाई झाली की हात डोक्याला विचारत नाही, सवयीला विचारतो. आणि जुळाऱ्याची चूक एका प्रतीत नसते हो. एकदा झाली की हजार प्रतींत तीच. चार वेळा काय, मी चाळीस वेळा लावला असता तरी उलटाच लावला असता. रिंग वाजत होती कुठेतरी. कुणाच्या तरी रिकाम्या घरात वाजत असेल. मी उभा राहून ऐकत होतो, आणि ही मागून म्हणत होती, राहू द्या, बसा माझ्याजवळ. मी बसलो नाही. उगाच फोन धरून उभा राहिलो."

म्हाताऱ्यांनी कागद कडेला कड जुळवून तारमास्तरांना परत दिले.

"तुम्ही भले आहात," म्हातारे मग म्हणाले. "दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला कोण एवढे जिने चढतं? पण मला खोट्याने बरं वाटत नाही, त्याला मी काय करू? मला कळलंय, आता मला त्याच्यासकट राहायचंय." ते उठले. "आता आलाच आहात, तर एक काम कराल? तुम्ही तिथलेच. मी लावतो, तुम्ही बघा बरोबर लावतोय का. मुलाला सांगायची लाज वाटते."

तारमास्तर नको म्हणायच्या आत त्यांनी रिसीव्हर उचलला होता. भिंतीवरच्या कागदाकडे नजर ठेवून, जीभ दातांत धरून, त्यांनी तीन बटणं दाबली. सावकाश, एकामागून एक, आणि अगदी बरोबर. एकदाच रिंग वाजली. त्याच दिवशी पुसून बसवलेल्या जोडावरून तो फोन जाऊन पोचला आणि कुणीतरी लगेच उचलला. थोरल्या ताईंचा आवाज खोलीत ऐकू आला.

"रुग्णवाहिका सेवा. बोला."

म्हाताऱ्यांनी तारमास्तरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलंत? आता बरोबर लावला, तर पहिल्या झटक्यात लागला."

"आजोबा..."

"हॅलो? घाबरू नका, शांतपणे बोला," आवाज म्हणाला. "कुठून बोलताय? कुणाला काय होतंय?"

म्हातारे गडबडले. त्यांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला. "अरे, त्या बाई खोळंबल्यात. माझ्यापायी दुसऱ्या कुणाला लागत नसेल. तुम्हीच सांगा, तुमच्या ओळखीच्या असतील," असं म्हणत त्यांनी रिसीव्हर तारमास्तरांच्या हातात दिला.

तारमास्तरांनी तो कानाला लावला. पलीकडे बायकांच्या बोलण्याची गजबज होती. सगळे फोन येत होते.

"हॅलो, मला ऐकू येतंय," ताई म्हणाल्या. "बोला तुम्ही."

"ताई, मी."

"तारमास्तर? अहो, काय झालं? कुठे आहात? घरी काही...?"

"सांगा, चुकून लागला म्हणून," म्हातारे बाजूने कुजबुजले.

तारमास्तरांनी तोंड उघडलं. भिंतीवरचे तीन आकडे त्यांच्या अगदी समोर होते.

"चुकून लागला," ते म्हणाले.

म्हाताऱ्यांनी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला, जागेवर ठेवला आणि वायरीचा पीळ बोटांनी सरळ केला. मग त्यांनी तारमास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, कारण त्यांचे खांदे हलत होते.

"होतं असं," ते म्हणाले. "माणसाच्या हातून होतं. इतकं मनाला लावून घेऊ नका."